आईची परकी बोली

आमचे हवालदार भावजी जागेपणी मोजकंच बोलत. झोपेत मात्र भरभरून बोलत, आणि तेही इटालियनमध्ये.

लग्न होऊन मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्या डोंगरातल्या वाडीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा प्रकार कानी पडला. दुपारची वेळ होती. मी ओटीवर तांदूळ निवडत होते आणि पडवीत घोंगडी टाकून माझे हे थोरले दीर झोपले होते. एकाएकी ते बोलायला लागले. ते बरळणं नव्हतं. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे, मधे थांबून ऐकून घ्यायचे, 'हं' म्हणायचे, पुन्हा बोलायचे. मला एक शब्द कळेना. मी सूप तिथंच टाकून आत पळाले. चुलीपाशी आत्याबाई होत्या. या माझ्या सासऱ्यांच्या बहीण, विधवा झाल्यापासून याच घरात. त्यांनी भाकरीवरून नजरसुद्धा उचलली नाही. म्हणाल्या, "घाबरू नको गो. आयशीशी बोलतोय तो."

आता माझ्या सासूबाई मी यायच्या कितीतरी आधी वारलेल्या. शिवाय त्या बाईनं उभ्या जन्मात महाडच्या पलीकडचं जग पाहिलेलं नव्हतं. म्हटलं, आईबापांनी चांगल्या घरात दिलं मला.

माझं माहेर महाडचं, सातवीपर्यंत शिकलेली, तेव्हा जिभेला जरा धार होती. थोरल्या दिराशी सुनेनं बोलू नये वगैरे आईनं बजावून पाठवलं होतं. पण माझे यजमान मुंबईला गिरणीत. घरात आम्ही तिघंच. न बोलून जायचं कुठं? भावजींनीच पहिल्यांदा ती भिंत पाडली. एकदा आमटीत मीठ जास्त पडलं, तर ताटाकडे बघत म्हणाले, "महाडकरणी, खाडी जवळ पडते काय गो तुझ्या माहेराला?" तेव्हापासून मी त्यांची महाडकरीण झाले ती कायमचीच.

वाडीत त्यांना इटली हवालदार म्हणत. महायुद्धात ते वाळवंटात पकडले गेले होते. तिथून जहाजानं इटलीत नेऊन तारेच्या कुंपणात ठेवलं. पुढं तिथलं सरकार कोसळलं, पहारेकरी पळाले आणि कैदी वाट फुटेल तिकडे डोंगरात गेले. भावजी एका म्हातारीच्या दाराशी जाऊन पडले. गावात तिला सगळे नोन्ना म्हणत, म्हणजे आजी. तिनं त्यांना शेळ्यांच्या गोठ्यावरच्या माळ्यावर लपवलं. खालच्या वाटेनं जर्मन शिपाई जात-येत असत. सापडले असते तर दोघांनाही गोळी घातली असती. नोन्नाचा स्वतःचा मुलगा कुठल्याशा बर्फाच्या मुलखात लढायला गेला होता, तो परतला नव्हता. भावजी सांगत, "मला वाढताना ती दाराकडं बघायची. म्हणायची, तुला मी घालते, त्याला पण कुणी घालत असंल."

ती काय घालायची, तर मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं, आणि कसलीशी रानझाडाची फळं भाजून. ती फळं लागायची थेट फणसाच्या आठळ्यांसारखी. त्यामुळे वैशाखात आम्ही चुलीत आठळ्या भाजल्या की भावजी आपली मूठभर घेऊन कोपऱ्यात जायचे आणि डोळे मिटून एकेक खायचे. त्या वेळी त्यांना हाक मारायची नाही, असा घरातला अलिखित नियम होता. मी मात्र आठळ्या संपल्या की विचारायची, "काय भावजी, नोन्ना बरी आहे ना?" ते म्हणायचे, "बरी हाय. गुडघं धरल्यात." मी एकदा विचारलं, की एवढा जीव होता तर कागद का नाही पाठवला कधी? तर म्हणाले, "तिला वाचता येत नव्हतं, मला लिहिता."

आता ते भाषा कशी शिकले, ते सांगते. माळ्यावर दिवसभर पडून राहायचं, काही काम नाही. म्हातारी खालून एकेक वस्तू वर धरायची आणि तिचं नाव सांगायची, पण कुजबुजत. वाटेवर कोण असेल काय नेम? भावजीही कुजबुजतच म्हणून दाखवायचे. त्यांना जी काही इटालियन आली ती सगळी अशी श्वासाच्या आवाजातली. जागेपणी मोठ्यानं ती भाषा त्यांनी कधी बोललीच नव्हती.

पाणी, दूध, शेळी, गप्प राहा, एवढे शब्द येतात न येतात, तोच त्यांना त्या भाषेतलं पहिलं स्वप्न पडलं. तेव्हा तिकडे ती फळं पडायचे दिवस होते. स्वप्नात हेच घर, हीच पडवी, आणि आई ताट घेऊन उभी. ती बोलायला लागली ती नोन्नाच्या भाषेत. भावजी म्हणायचे, "जागेपणी मला दोन शब्द जुळवता येत नव्हते गो. आन् स्वप्नात आई अशी घडाघडा बोलत व्हती, जशी तिकडंच जन्मली. मला समदं कळत व्हतं. 'मांज्या, फील्यो, मांज्या' म्हणाली." म्हणजे जेव, पोरा, जेव. जागे झाल्यावर त्यांना आधी आनंद झाला, भाषा आली म्हणून. मग त्या माळ्यावर पडल्या पडल्या आईचा खरा आवाज, आपल्या बोलीतला, आठवून बघायला गेले, तर तो आठवेना. त्या दिवशी ते पहिल्यांदा घाबरले. गोळीला घाबरले नव्हते तेवढे.

लढाई संपून घरी आले तेव्हा कळलं, आई गेली. मुलगा बेपत्ता आहे अशी तार आल्यापासून ती रोज दिवेलागणीला वाडीच्या शिवेवर जाऊन त्यांना जेवायला हाका मारायची. भातकापणीच्या दिवसांत गेली. भावजींनी मनाशी मेळ घातला, तर इकडची भातकापणी आणि तिकडचं ते पहिलं स्वप्न अगदी एकाच सुमाराचं. त्यांच्या मनात सगळा उलगडा झाला तो तेव्हा. तो त्यांनी मला एकदा, औताची दोरी वळता वळता, पाऊसपाण्याचं सांगावं तसा सांगितला. "आई मेली आन् मला हुडकायला निघाली. हुडकत तिकडं पोचली. तिथं कुणाला विचारायचं तर बोली नको? म्हणून शिकली. तोवर मी निघून आलो. ती अजून तिकडंच हाय, महाडकरणी. म्हणून तशी बोलते."

मी हसले नाही. मला तोंडाळ म्हणतात खरं, पण त्या वेळी मी दोरीचं दुसरं टोक धरून बसले.

आमच्या घराण्यात माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती ठोकून घेतात. त्याला टाक म्हणतात. थोरल्या मुलानं तो टाक सावित्रीवर न्यायचा, पाण्यात बुडवायचा आणि गेलेल्याला हाका मारत घरी आणायचा. एक हाक नदीवर, एक शिवेवर, एक उंबऱ्यावर. वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. मग तो टाक देव्हाऱ्यात बसतो आणि गेलेलं माणूस पुन्हा घरचं होतं. सासूबाई गेल्या तेव्हा थोरला मुलगा बेपत्ता, म्हणून सगळं थांबलं होतं. भावजी आल्यावर त्यांनी महाडच्या सोनाराकडून टाक करून आणला, रीतीप्रमाणे हाका मारल्या, देव्हाऱ्यात बसवला. पण स्वप्नात आई बोलायची ती परकीच बोली. आत्याबाई म्हणायच्या, "टाक बसला, वयनी नाय बसली."

यापायी त्यांनी लग्नसुद्धा केलं नाही. चांगली स्थळं येत, अगदी वरंधपासून येत. भावजींचं एकच म्हणणं. लग्नाआधी देवाला नि वाडवडलांना आवतण जातं. आईच घरात नाही, तर आवतण कुणाला देऊ? पुढं वय उलटलं, स्थळं यायची थांबली. आत्याबाई चिडायच्या, मीही चिडायची. धडधाकट माणूस, आपल्या हातानं आयुष्य असं दारात टांगून ठेवलेलं.

एका भाद्रपदात माझा संताप झाला. पितरांचे दिवस सुरू होते. पानावर सासूबाईंच्या नावाचा घास ठेवला आणि भावजी बाहेर तोंड करून बसले. म्हणाले, "कशाला ठेवता? ती कुठं हितं हाय?" सकाळपासून चुलीपुढं राबून माझी पाठ मोडली होती. मी म्हटलं, "मग बोलवा की तिला. तुम्हीच म्हणता ना, ती तिकडची बोली बोलते? इतकी वर्षं भलत्या भाषेत हाका मारताय. तिला कळेल त्या भाषेत मारा."

बोलून गेले आणि जीभ चावली. आत्याबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. भावजी माझ्याकडे वळले. मग पळी खाली ठेवून आत्याबाईच म्हणाल्या, "नवरात्राच्या आधी टाक उजळाया काढतोच आपण. तवा न्या." भावजी म्हणाले, "देवापुढं ती बोली चालंल?" आत्याबाई म्हणाल्या, "देवाला समद्यांच्या आया ठाव असत्यात."

पण पंचाईत पुढंच होती. त्या एका 'मांज्या'शिवाय भावजींना जागेपणी इटालियन उरलेलीच नव्हती. ती सगळी झोपेत जाऊन बसली होती. मग आमच्या घरी एक निराळीच शाळा भरली. दुपारी भावजी पडवीत आडवे व्हायचे आणि मी जवळच काहीतरी निवडत, टिपत बसायची. ते झोपेत बोलायला लागले की मी कान देऊन आवाज पाठ करायची. जागे झाले की भावजी विचारायचे, "काय म्हटलं?" मी जसंच्या तसं म्हणून दाखवायची. कधी त्यांच्या डोळ्यांत एकदम ओळख यायची. "हां, हे म्हंजे पाणी तापलंय." कधी डोकं हलवायचे, "हे तू महाडचं काय तरी मिसळलंस." भादव्याची ऊन-सावली अंगणातून सरकत असायची, भात पोटरीला आलेलं असायचं, आणि त्या झोपाळू दुपारी एका परक्या देशातली म्हातारी माझ्या दिराच्या तोंडून मला शब्द शिकवायची. कधी कधी मलाही पेंग यायची. मग नोन्नाच्या शेळ्यांच्या घंटा मला आमच्या गोठ्यातून ऐकू यायच्या. ते दिवस आठवले की अजून मला गोड झोप येते.

हवी ती हाक शेवटी अशीच एका दुपारी सापडली. "व्येनी आ काझा, माम्मा." घरी चल, आई.

उजळलेला टाक फडक्यात घेऊन आम्ही सावित्रीवर गेलो. मी पुढं तांब्या घेऊन, भावजी मागं. नदीला पाणी बेताचं होतं. त्यांनी टाक बुडवला, वर काढला आणि हाक मारली. पण ती मलासुद्धा ऐकू आली नाही. ओठ तेवढे हलले. माळ्यावर शिकलेली भाषा ती, कुजबुजूनच निघाली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. पलटणीतल्या भरदार हवालदाराच्या कपाळावर घाम आला. मला मागं बघायला मनाई होती की नव्हती कोण जाणे, पण मी वळले. म्हटलं, "भावजी, आता वाटेवर कुणी शिपाई नाही. मोठ्यानं मारा."

तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि अशी हाक मारली की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. "व्येनी आ काझा, माम्मा." त्या आवाजात एवढ्या वर्षांचं सगळं होतं. मी पदरात तोंड घालून रडले. उगाच कशाला लपवू.

परतताना पोलादपूरच्या बाजारात कशेडीकडे जाणाऱ्या ट्रकमधून कुणा ओळखीच्यानं विचारलं, "हवालदार, काय आणलंय?" ते बोलले नाहीत. शिवेवर दुसरी हाक दिली, जिथं ती त्यांना हाका मारायची तिथंच. वाडीतली माणसं तोंडाला हात लावून बघत होती, पण कुणी हसलं नाही. उंबऱ्यावर तिसरी हाक झाली आणि आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. कुणाच्या पायांवर, तर भावजींच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर. म्हणाल्या, "ये गो वयनी. लय लांब गेली व्हतीस."

त्यानंतर कितीतरी दिवस काहीच झालं नाही. भावजी दुपारी झोपायचे, पण झोप मुकी. ते आणखी खचले. म्हणाले, "आता तिकडं पण नाय, हिकडं पण नाय." मला वाटलं, माझ्या एका शब्दापायी या माणसाची होती तीही आई गेली. मला अन्न गोड लागेना.

मग भातकापणी आली. मळणीच्या खळ्यावरून दमून येऊन भावजी पडवीत कलंडले होते. मी ओटीवर होते. झोपेत त्यांचा आवाज आला, अगदी स्वच्छ, लहान मुलासारखा. "आत्ताच आलो. नाय जेवलो अजून." थोड्या वेळानं ते उठून बसले. गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. म्हणाले, "आई बोलली. आपल्यात बोलली. म्हणाली, कवा आलास रे?"

आत्याबाईंनी त्या दिवशी देव्हाऱ्यात दोन वाती जास्त लावल्या.

त्यानंतर भावजी जागेपणी बोलायला लागले, ते इतके की कधी कधी मीच म्हणायची, आता जरा झोपा. माझ्या पोरांना गोष्टी सांगत, दासगावच्या खाडीतल्या मासळीवरून घासाघीस करत. इटालियन मात्र पार गेली. एकही शब्द नाही. मी कधी मुद्दाम एखादा टाकला तर नवलानं बघत. "हे कुठलं गो?" आठळ्या तेवढ्या डोळे मिटून खात.

पुढं काही वर्षांनी, आत्याबाईही गेल्यानंतर, एका दुपारी भावजी झोपेतून उठले. मी चहा ठेवला, तो निवला. म्हणाले, "नोन्ना आली व्हती." मला बरं वाटलं, म्हटलं, "काय म्हणाली?" म्हणाले, "पडवीत उभी व्हती. म्हणाली, किती हडकलास रे. जेवतोस का नाय?"

"म्हणजे नोन्ना मराठी बोलली?" मी हसत विचारलं.

ते हसले नाहीत. शांतपणे उठले, खांद्यावर पंचा टाकला आणि नदीकडे निघाले. ते डोक्यावरचे केस उतरवून परत आले, तेव्हा कुठं मला उमगलं. मेलेलं माणूस आपल्याला हुडकत येतं आणि विचारत विचारत बोली शिकतं. नोन्नाला आता आमची बोली येत होती.

त्यांनी मुलानं धरावं तसं सुतक धरलं. वाडीत कुणी का म्हणून विचारलं नाही. दहाव्याला मी मक्याचं पीठ मिळवून घट्ट पिठलं केलं, आठळ्या भाजल्या आणि केळीच्या पानावर नैवेद्य अंगणाबाहेर ठेवला. कावळे चिंचेवर बसून होते, पण पानाला एकही शिवेना. भावजी हात जोडून म्हणत होते, "जेव गो नोन्ना, तुझंच हाय." तिला कळत होतं, यात शंका नाही. पण माझ्या मनात आलं, म्हातारं माणूस, कुठून कुठं आलेलं, एक तरी शब्द तिच्या घरचा कानावर पडू दे. भावजींना तो आठवत नव्हता. मला येत होता. मी पुढं झाले आणि म्हटलं, "मांज्या, नोन्ना, मांज्या." मोठ्यानं म्हटलं.

कावळा उतरला. भावजींनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं, "महाडकरणी, तू माझी आईच गो."

भावजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून माझ्या मुलानं त्यांचा टाक रीतीनं बसवला. तो रीत पाळणारा आहे. पण परवा दुपारी ओटीवर माझा डोळा लागला, तर पडवीत भावजी बसलेले, तरणेताठे, मांडीवर आठळ्या की ती कसलीशी फळं. ते घडाघडा इटालियन बोलत होते, कुजबुजत नाही, खणखणीत. आणि मला, जिला ती दहा-बारा वाक्यं सोडून काही येत नाही, मला शब्दन् शब्द कळत होता. नोन्नाचा मुलगा सापडला म्हणाले, बर्फात होता, आता शेळ्या राखतो.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, मग काकांना परत हाक मारून आणायला पाहिजे. शब्द सांग मला."

शब्द मला येतात. पण म्हटलं, राहू दे. थोडे दिवस राहू दे त्यांना तिकडं.